झिरोच्या बल्बचा रोध

मराठी घरात रात्रभर मिणमिणत राहणाऱ्या ज्या छोट्या दिव्याला ‘झिरोचा बल्ब’ म्हणण्याची रूढी आहे, त्याच्या नावातील शून्य शब्दशः खरे मानल्यास विद्युतशास्त्राचा नियम तरी मोडावा लागतो किंवा दिवा तरी विझवावा लागतो. आणि रात्री उठणाऱ्या ज्येष्ठांना उंबरठ्याची ठेच लागू नये म्हणून नियम मोडण्याकडेच कुटुंबाचा कल असतो.

हा नियम गेऑर्ग झिमोन ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. वाहकाच्या दोन टोकांमधील विभवांतर, म्हणजे धारेला पुढे रेटणारा दाब, व्होल्टमध्ये मोजतात व वाहणारी धारा अँपिअरमध्ये. विभवांतराला धारेने भागले की वाहकाने केलेला अडथळा, म्हणजे रोध, ओहममध्ये मिळतो, आणि भागण्याऐवजी गुणले की दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा, म्हणजे शक्ती, वॉटमध्ये मिळते. ओहमपूर्वी इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशने, धारा मोजण्याचे यंत्र नसल्याने, स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या झटक्यांची तीव्रता ताडून हाच संबंध जवळपास गाठला होता; परंतु निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची तसदी त्याने न घेतल्यामुळे झटके एकाने खाल्ले आणि एकक दुसऱ्याच्या नावावर चढले.

आता दिव्याचे नाव प्रमाण मानू. शक्ती शून्य आणि घरातील विभवांतर २३० व्होल्ट असेल, तर धाराही शून्यच हवी. मग रोध काढण्यासाठी २३० ला शून्याने भागावे लागते, जे शाळेत निषिद्ध आहे. रोध अनंत असण्याच्या या अवस्थेला शास्त्रात खंडित परिपथ म्हणतात आणि घरात ‘बल्ब उडाला’ असे म्हणतात.

नावावर विश्वास न ठेवणारा चिकित्सक मल्टिमीटर घेऊन बसतो, पण विझलेल्या दिव्याचा रोध मोजून तोही फसतो; कारण दिव्यातील टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो, आणि थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो. वरचे दोन्ही हिशेब एकत्र करून, विभवांतराच्या वर्गाला या थंड रोधाने भागून शक्ती काढली, तर तोच मिणमिणता दिवा कागदावर दीडशे वॉटच्या पुढे जातो. एकाच दिव्याविषयी नाव शून्य सांगते, मल्टिमीटर दीडशे सांगतो, आणि खरे उत्तर दोघांपैकी कोणाजवळही नसते.

ते मिळते पेटलेल्या दिव्यातील धारा मोजल्यावर. तारेच्या जुन्या झिरोच्या बल्बमधून साधारण ०.०६५ अँपिअर धारा वाहते. तिला २३० ने गुणले की सुमारे १५ वॉट शक्ती मिळते आणि २३० ला तिने भागले की सुमारे साडेतीन हजार ओहम रोध. रोज दहा तास जळणारा असा दिवा तीस रात्रींत ४,५०० वॉट-तास, म्हणजे साडेचार युनिट वीज घेतो. कारण मीटर नाव वाचत नाही. अलीकडचा अर्ध्या वॉटचा एलईडी दिवा तेवढ्याच वेळात ०.१५ युनिट घेतो, आणि दुकानात तोही ‘झिरोचा’ म्हणूनच मागितला जातो.