दस्तुरीपर्यंतचा भाव

"अहो ताई, ऐकलंत का? भाच्याने आमच्याकडे डिझायनर पाठवला होता."

दिवाळीची गर्दी उतरली की आमच्या गावाला बोलायला वेळ मिळतो. वहिनी तारेवर पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होत्या. मी हातातला झाडू तसाच घेऊन कुंपणाशी गेले.

"डिझायनर? कपड्यांचा?"

"घराचा हो! मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या म्हणतोय ना आम्ही. भाचा म्हणाला, मामी, हल्ली लोक फोनवर फोटो बघून खोली ठरवतात. तुमची पिवळी भिंत आणि लोखंडी कपाट बघून कोण येणार?"

"खरं आहे त्याचं. मग, आला कधी?"

"काल. ई-रिक्षाने. पांढरे बूट घालून."

माथेरानच्या मातीत पांढरे बूट! तिथेच माझं अर्धं मत झालं, पण वहिनींचा चेहरा इतका खुललेला होता की मी गप्प बसले. त्यांनी फोन काढून चित्र दाखवलं. खोटं कशाला बोलू, चित्र सुरेख होतं. जिप्समचं पांढरंशुभ्र छत, त्यात लपवलेले दिवे, पलंगामागे लाकडी पट्ट्या, भिंतीवर उघडे शेल्फ, एका बाजूला काचेची मोठी सरकती खिडकी. आणि खिडकीतून दिसत होता समुद्र.

"समुद्र?" ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या आजींनी विचारलं. वहिनींच्या सासूबाई. कानाने कमी ऐकतात, पण नको ते बरोबर ऐकतात. "इथून समुद्र कुठला? घाटाखाली नेरळ दिसेल फार तर."

"ते नमुन्याचं चित्र असतं, आई."

"मग घरही नमुन्याचंच असेल."

मी वहिनींना पेमास्टर पार्कच्या बाजूच्या एका बंगल्याची गोष्ट सांगितली. नाव घेत नाही, मालक भले आहेत. त्यांनी मुंबईहून माणसं आणून असंच छत करून घेतलं. मे महिन्यात सगळं गाव बघून आलं. जुलैत छताला पिवळे डाग पडले आणि ऑगस्टमध्ये एक तुकडा थेट गादीवर आला. आता यात जिप्समचा दोष काय? ते पाणी पितं, तो त्याचा स्वभाव. वर पत्रा, आमचा पाऊस आडवा, आढ्याच्या फटीतून वाऱ्यासरशी आत येणारा. शिवाय चार महिने धुकं घरात फिरतं, पत्र्याला खालून घाम सुटतो. जुन्या फळ्यांच्या छतातून गळलं तर थेंब दिसतो, आपण बादली लावतो, उघडीप मिळाली की वर माणूस चढवतो. जिप्सममागे काय चाललंय ते खाली पडेपर्यंत कळत नाही.

"आणि हे उघडे शेल्फ," मी म्हटलं, "वानरांना विचारून केलेत का?"

वहिनी हसल्या, पण जरा कसनुसं. आमच्याकडची माकडं सरकती खिडकी उघडतात, फ्रिज उघडतात, आणि डब्याच्या आवाजावरून आत शेव आहे की साखर ते ओळखतात. कडी नसलेल्या खिडकीचं चित्र काढणाऱ्याला गावातल्या कायमच्या रहिवाशांची ओळखच झालेली नाही.

"तुम्ही तर सगळंच मोडीत काढलंत, ताई."

"नाही हो. तो पैसे कसे घेणार ते सांगा."

"एकूण खर्चाच्या दहा टक्के."

इथे मात्र मी झाडू खाली ठेवला. समजा आठ लाखांचं काम निघालं, तर ऐंशी हजार त्याचे. तो जीएसटीवाला असेल तर त्यावर अठरा टक्के, म्हणजे आणखी चौदा हजार चारशे. तेही असो, विद्येचे पैसे द्यावेतच. पण टक्केवारीत गंमत अशी की तुमचा नळ जितका महाग, तितकी त्याची फी मोठी. त्यात काही दुकानदार माल घेऊन जाणाऱ्या डिझायनरला कमिशन देतात. सगळेच घेतात असं नाही, पण विचारायला लाजायचं कशाला?

"आणि माथेरानची मेख पुढेच आहे," मी म्हटलं. "खर्चात वाहतूक धरलीय का?"

वहिनींनी हे विचारलंच नव्हतं. आपल्या गावात प्रत्येक वस्तूला दोन भाव असतात, एक दस्तुरीपर्यंतचा आणि एक घरापर्यंतचा. दस्तुरी नाक्याला मोटार थांबली की पुढचे अडीच-तीन किलोमीटर वाळू घोड्याच्या पाठीवर, सिमेंट घोड्याच्या पाठीवर, फरशा हातगाडीवर. आठ बाय चारचा १९ मिलीमीटरचा एक प्लाय पस्तीस-चाळीस किलो भरतो. तो घोड्यावर बसत नाही, माणसंच धरून आणतात. ही हमाली जर 'एकूण खर्चात' गेली, तर घोडा राबणार आणि दहा टक्के पांढऱ्या बुटांना.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या.

"प्लाय कुठला लिहिलाय?"

कागदावर नुसतं 'चांगल्या प्रतीचा प्लाय' असं लिहिलेलं होतं. ही प्रत म्हणजे काय? दुकानात साधा प्लाय असतो तो ३०३ नंबरचा आणि उकळत्या पाण्याला टिकणारा मरीन प्लाय ७१० नंबरचा. आयएसआयच्या शिक्क्याशेजारी तो आकडा छापलेला असतो. इथे पावसाळ्यात कपाटात बल्ब लावून ठेवतो आपण, नाहीतर पैठणीवर बुरशी येते. तिथे साधा प्लाय किंवा एमडीएफ दोन पावसाळ्यांत पावासारखा फुगतो. ड्रॉवरची चॅनलं गंजतात ती वेगळीच. आणि वाळवीला तर प्लाय काय, लग्नाचा अल्बमही चालतो.

आजींचा लसूण संपला होता. "त्या साहेबांनी कोणाला विचारलं होतं?" त्या म्हणाल्या.

कोणते साहेब, ते आम्हाला लगेच कळलं. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट डोंगर चढून आला आणि पाठोपाठ साहेबांचे, मग पारशी शेटजींचे बंगले उभे राहिले. पीरभॉयांची छोटी आगगाडी धावली ती १९०७ मध्ये. त्याआधीचे बंगले माणसांनी आणि जनावरांनी वाहिलेल्या सामानावर उभे आहेत. मला त्यांचं एक नेहमी नवल वाटतं. ही मंडळी उन्हाळ्यात राहायची आणि पावसाच्या आधी खाली जायची. म्हणजे पावसाळा घराने एकट्याने काढायचा. म्हणून जोतं उंच, भोवती खोल व्हरांडा, उतरतं छप्पर. आतल्या भिंतीला पावसाचा हातच लागत नाही. आपण काय केलं? एक खोली वाढवायला व्हरांडा बंद केला आणि मग ओल का येते म्हणून रंगवाल्याला बोल लावला. वहिनींच्या मागच्या खोल्यांपैकी एक अशीच आहे, पण ते मी बोलले नाही. शेजार टिकवायचा असतो.

"मग नकोच का तो?" वहिनींचा आवाज पडला.

आता इथे मला प्रामाणिकपणे दुसरी बाजू घ्यावी लागली. कारण नुसत्या मिस्त्रीवर सोडलं की काय होतं ते मी रोज पाहते. आमच्या मिस्त्रीने न्हाणीघराचा उतार दाराकडे काढलाय. पंधरा वेळा सांगितलं, "होऊन जाईल ताई" म्हणाला, आणि झालं. आंघोळ केली की पाणी पायपुसणं घेऊन बाहेर येतं. वहिनींना तर दोन खोल्यांना दोन संडास-बाथरूम हवेत. पाइप कुठून जाणार, गीझरची वायर कुठे, खिडकी किती उंचीवर, हे फरशी बसायच्या आधी कोणीतरी कागदावर मांडायला हवं. हे काम मिस्त्री करत नाही, भाचा करत नाही, आणि आपण करायला गेलो तर घरात भांडणं होतात. त्या डोक्याचे पैसे देण्यात काही वावगं नाही.

"फक्त नकाशाचे ठराविक पैसे ठरवा," मी म्हटलं. "टक्केवारी नको. माल तुम्ही आणा, दर तुम्ही बघा. आणि ती मधली भिंत पाडायचं म्हणतोय ना, ते त्याच्यावर सोडू नका. इंटिरियर डिझायनर अशी पाटी कोणीही लावू शकतो. आर्किटेक्टचं तसं नाही, त्याला १९७२ च्या कायद्याने नोंदणी लागते. शिवाय आपलं गाव २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये. भिंतीला हात लावायच्या आधी नगरपरिषदेत विचारून या, नाहीतर पाहुण्यांच्या आधी नोटीस यायची."

वहिनी बाईच करारी. तिथल्या तिथे फोन लावला, तोही स्पीकरवर.

"हॅलो, माथेरानहून बोलतेय. नुसता नकाशा काढून द्यायचे किती घ्याल?"

पलीकडे जरा शांतता. मग एक आकडा आला. वहिनींनी तो निम्मा केला. मग पलीकडून पाऊण झाला. भाजीच्या भावात आणि डिझायनरच्या भावात त्यांनी काही फरक केला नाही.

"आणि एकदा जुलैत येऊन बघून जायचं. कुठे ओल येते ते."

"जुलैमध्ये?" तो चाचरला. "मॅडम, तेव्हा गाडी चालू असते का?"

"अमन लॉज स्टेशनपासून शटल असते. दस्तुरीपर्यंत तुम्ही या, पुढे बघू."

"बघतो, मॅडम," म्हणून त्याने फोन ठेवला.

वहिनींनी उरलेली चादर झटकली. "नकाशा तर ठरला. आता काम करायला माणूस हवा. ताई, तुमच्या त्या मिस्त्रीचा नंबर द्या ना."

"कोणता? उतार दाराकडे काढला तो?"

"तोच. दुसरा आहे कोण इथे?"