हौद्यावरचे कव्हर

चेन्नईत डिझेल पिकअप दोन तऱ्हांच्या. कोयंबेडूच्या बाजारात नाशिकच्या कांद्याच्या पोत्यांखाली वाकलेला अशोक लेलँडचा 'दोस्त'. आणि जवळच आंध्रच्या हद्दीत श्री सिटीत तयार होणारी, सव्वापाच मीटरहून लांब इसुझू व्ही-क्रॉस, जिच्या हौद्यावर कायम कव्हर ताणलेले, ओरखडा पडू नये म्हणून. डिझेल दोघेही पितात, ओझे एकच वाहतो. मालक म्हणतील, पूर येतो, उंच गाडी हवीच. मान्य, पण २०२३च्या मिचाँग वादळात वेलाचेरीकरांनी साध्या मोटारीही उड्डाणपुलावर लावून वाचवल्याच. उरला रुबाब. तो खराच, फक्त सौकारपेठेच्या गल्लीत वळताना त्याला तीनदा रिव्हर्स घ्यावा लागतो, आणि मागे खोळंबलेली कामाची पिकअप हॉर्न वाजवून त्याची किंमत सांगते.