शेवटचा अंतरा

“कुरडया वाळल्या का गं?” असं अक्कांनी भिंतीवरून विचारलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते. माझ्या कुरडया वाळल्यात की नाही हे त्यांना त्यांच्या गच्चीवरून दिसतंच. विचारायचं असतं ते दुसरंच.

आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढी आहे. वरच्या थरातली एक वीट कधीची निखळलीय. त्या खोबणीतून आमच्या वाट्या जातात, त्यांची ताटली येते, आणि हिंगोलीत ऊन चढायच्या आत दोन्हीकडच्या बातम्याही उरकतात.

“ह्यांनी रात्री जेवणच सोडलं,” अक्का म्हणाल्या.

“अगं बाई! तब्येत बरी नाही का काकांची?”

“तब्येतीला काय धाड भरलीय! डीजेवाल्या पोराईशी भांडून आले.”

बाबासाहेब आंबेडकरांची जयंती चार दिवसांवर आलेली. गल्लीच्या तोंडाशी पोरं संध्याकाळी पेट्या लावून आवाज तपासतात. काका तिथं गेले आणि विचारलं, हे गाणं कुणाचं रे? पोरांनी झटकन गायकाचं नाव सांगितलं. काका म्हणाले, गळा कुणाचा ते नाही विचारलं, गाणं कुणाचं? एका पोरानं मोबाईल काढून दाखवला, “काका, इथं तर हेच नाव लिहिलंय.” झालं! पितळेचा तांब्या आपटावा तसे काका घरी आले आणि ताटावर बसलेच नाहीत.

“वामनदादांचं होतं का?” मी विचारलं.

“मग? दुसऱ्या कुणासाठी हे उपाशी झोपतील? माझ्यासाठी तर एक चतकोर कमी खाल्ला नाही कधी.”

काका एसटीत कंडक्टर होते. हिंगोली परभणीतून वेगळी होऊन जिल्हा झाली १९९९ साली, त्याच्याही आधीपासूनची नोकरी. लोककवी वामनदादा कर्डकांचा कार्यक्रम कुठल्या गावाला आहे हे कळलं की काका त्या बाजूची मुक्कामी गाडी मागून घ्यायचे. लोक मुक्कामी ड्युटी टाळायचे, हे हौसेनं घ्यायचे, म्हणून डेपोत यांचं वजन होतं म्हणे. (हे काकांचं म्हणणं. अक्कांच्या मते डेपोत यांना येडं समजत होते.) गाडी गावात लावायची, ड्रायव्हरला झोपू द्यायचं आणि तिकिटाच्या पैशांची बॅग मांडीखाली घेऊन मांडवात पुढं जाऊन बसायचं. एकदा गाणं इतकं चढलं की काकांनी उठून पाच रुपये बक्षीस दिलं. पेटीवाल्यानं गाणं थांबवून यांचं नाव पुकारलं. दुसऱ्या दिवशी डेपोत हिशेब केला तर बरोबर पाच रुपये कमी! बक्षीस महामंडळाच्या बॅगेतून गेलं होतं.

“खिशातून भरले मग,” अक्का म्हणाल्या. “माझ्या बांगड्यांचे होते ते.”

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, “बांगड्यांचे नव्हते, रॉकेलचे होते.” म्हणजे काका जागे होते आणि सगळं ऐकत होते.

मी म्हटलं, “काका, एवढं काय होतं हो त्या गाण्यात?” हे विचारायला नको होतं. काका खुर्ची ओढत भिंतीपाशीच आले.

“सूनबाई, त्या माणसाला लहानपणी अक्षर येत नव्हतं,” त्यांनी सुरुवात केली. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी, जन्म १५ ऑगस्ट १९२२. पोटासाठी मुंबई. गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत राबले. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. आणि १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं, तेही एका हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर, गंमत म्हणून. तिथून जे सुटले ते साठ वर्षं थांबले नाहीत. हजारो गाणी. कुणी दहा हजार म्हणतं. मोजायला बसलंय कोण!

“सिनेमाची चाल घ्यायची म्हणजे आयतंच झालं की,” मी उगाच डिवचलं.

“तिथंच तर गंमत हाय! चाल नवी असली की माणसाचं निम्मं ध्यान चालीतच जातं. चाल पाठ असली की कान शब्दाकडं लागतो. बिनशिकलेली बाई शेतात खुरपता खुरपता दुसऱ्या दिवशी गाणं म्हणायची ते उगाच नाही. पेपर कुठं वाचत होते लोक? बाबासाहेब काय म्हणाले ते आमच्या वस्तीत गाण्यातून आलं.”

हे मात्र मला पटलं. काका पुढं म्हणाले, आता उलटं झालंय. चालसुद्धा राहिली नाही, नुसता ठोका राहिलाय. छातीत धडधड होते, शब्द एक कळत नाही.

अक्कांनी तोवर आत जाऊन एक पत्र्याचा डबा आणला होता. बिस्किटांचा. आत पंधरावीस कॅसेटी आणि रद्द वेबिलांची, म्हणजे कंडक्टरच्या तिकीट-हिशेबाच्या कागदांची, गड्डी. वेबिलाच्या पाठकोऱ्या बाजूला काकांनी गाणी उतरवलेली. पुढच्या बाजूला हिंगोली–औंढा–वसमत, तिकिटांचे आकडे. मागच्या बाजूला बाबासाहेब, माता रमाई, बुद्ध. पेन्सिल पुसट झालीय, पण प्रत्येक कागदाच्या शेवटच्या ओळीतलं एक नाव मात्र दोनदा गिरवलेलं. वामन.

“हे बघ,” काकांनी बोट ठेवलं. “कवी आपलं नाव शेवटच्या कडव्यात घालतो. आणि ही पोरं मुखडाच फिरवत बसतात. मुखडा, मुखडा, पुन्हा मुखडा. शेवटच्या अंतऱ्यापर्यंत गाणं जाऊच देत नाहीत. मग गाणं कुणाचं ते कळणार कसं?”

माझं माहेर नरसीचं. त्यामुळं मला एकदम आमचे नामदेव महाराज आठवले. त्यांचंही तेच. अभंग संपत आला की ‘नामा’ येतो. मी म्हटलं तसं, तर काका खूश झाले. म्हणाले, “बघ की! आपल्या जिल्ह्यानं सातशे वर्षांपूर्वीच हे करून ठेवलं. लिहायचं बी स्वतः, गायचं बी स्वतः, आणि गावोगाव फिरायचं.” नामदेव तर पंजाबपर्यंत फिरले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि तिकडचे शीख यात्रेकरू आजही नरसीला माथा टेकायला येतात. पण काकांना त्यातलं औंढ्याच्या नागनाथाचं जास्त आवडतं: नामदेवांना कीर्तनाला देवळापुढं उभं राहू दिलं नाही, मागं पिटाळलं, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं, ती कथा. “श्रोता असावा तर असा!” काका म्हणाले. “इथं आपण पोराईला सांगायलो की पेटीचं तोंड तिकडं करा, तर करत नाहीत.”

आता एक गोष्ट माझ्याकडची. माझ्या सासूबाई पक्क्या वारकरी. पहाटे उठल्या की प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी टेपवर लागायचीच. आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे काकांकडं भीमगीतं. सासूबाई कुरकुरायच्या, “सकाळी सकाळी हे काय लावतात गं?” एक दिवस काकांनी भिंतीवरून सांगितलं, “काकी, तुमच्याकडं गायलेत ते आणि आमच्याकडं गायलेत ते, एकच माणूस हाय.” सासूबाईंना खरं वाटेना. दोन्ही कॅसेटींची कव्हरं भिंतीवर शेजारी शेजारी ठेवून दाखवावी लागली. सासूबाईंनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि म्हणाल्या, “गळा चांगलाय पण मेल्याचा.” त्या दिवसापासून कुरकुर बंद झाली. बंद म्हणजे, आवाजाची झाली. वाटीची देवघेव सुरू व्हायला मात्र अजून दोन वर्षं गेली, आणि तीही सासूबाई आजारी पडल्या तेव्हा अक्कांनी आपणहून पेज आणली म्हणून. तेही सांगून टाकते, नाहीतर वाटेल आम्ही पहिल्यापासून असेच गुळाचे गणपती.

२००४ च्या उन्हाळ्यात १५ मे रोजी वामनदादा गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. सव्वा महिन्यात लिहिणारा गेला, गाणारा गेला. त्या दिवसांत काका ड्युटीवर तिकीट फाडायचे पण कुणाशी बोलायचे नाहीत, असं अक्का सांगतात. सासूबाईंनी आमच्याकडून प्रल्हाद शिंद्यांची एक कॅसेट भिंतीवरून काकांना देऊन टाकली. ती त्याच डब्यात आहे.

“ही ऐक,” अक्कांनी डब्यातून एक कॅसेट काढली. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षातली, काकांनी मांडवात टेप मांडीवर घेऊन स्वतः भरलेली. आमचा टू-इन-वन अजून चालतो. एक कळ दाबून धरावी लागते, इतकंच. बाहेर आलेली रीळ मी पेन्सिल घालून आत गुंडाळली आणि टेप भिंतीच्या खोबणीत ठेवला.

आधी नुसती खरखर. मग ढोलकी. मग तो आवाज, कसलाही साज न चढवलेला, बोलल्यासारखा गाणारा. मध्येच कुणाकडून तरी अकरा रुपये पुकारले गेले. मग एक पोर जे भोकाड पसरतं ते थांबेचना आणि त्यावर एक बाई ठसक्यात ओरडली, “गप की रे, मुडद्या!”

मी अक्कांकडं बघितलं. त्या पदराआड हसत होत्या.

“रडायला तो आमचा थोरला. अन् ओरडायली ती मी. मला नेलं होतं त्या वेळी, एकदाच. पोरगं रडलं म्हणून पुन्हा कधी नेलं नाही ह्यांनी.”

“टेप खराब केली हिनं,” काका म्हणाले. पण हेच गाणं मोबाईलवर स्वच्छ मिळतं, आणि काका ते कधी लावत नाहीत, हेही मला माहीत आहे.

गाणं रंगात आलं. शेवटचा अंतरा सुरू झाला, पहिली ओळ झाली, आणि खट्! बाजू संपली. साठ मिनिटांची कॅसेट, अर्ध्या तासाला बाजू संपणारच. नेमकं नाव यायच्या आधी.

काकांनी डोळे मिटले आणि तिथूनच पुढं म्हणायला लागले. दातांची कवळी आत ठेवून आलेले, त्यामुळं अर्ध्या शब्दांत वारा भरत होता. दुसऱ्या ओळीत अडखळले. वेबिल शोधायला हात गेला, चष्मा नव्हता. पुन्हा मागून घेतलं, पुन्हा तिथंच अडलं.

अक्का एव्हाना आमच्या बाजूला येऊन माझ्या कुरडया उलट्या करत होत्या. मान वर न करता त्यांनी तो शब्द दिला. आणि काका गप्पच राहिले म्हणून पुढची नावाची ओळही म्हणून टाकली, अगदी सुरात.

काका बघतच राहिले. “तुला येतं हे?”

“पस्तीस वर्षं कानाशी वाजायलंय,” अक्का म्हणाल्या. “बहिरी हाय का मी? उठा, भाकर खाऊन घ्या.”