आणखी एक पीळ

सायकलच्या कॅरिअरचा बोल्ट सैल झाला की खडखड करून घर डोक्यावर घेतो. आटे गेलेला बोल्ट मात्र चकार शब्द काढत नाही. पाना लावा, फिरवा. कचेरीत अर्ज घेऊन गेलेल्या माणसासारखा तो नुसता फिरत राहतो. घरात चौकशी करावी, तर त्या बोल्टाला आजवर कोणी हातच लावलेला नसतो!

अशा बोल्टाचं पुढे काय होतं, ते वडनेर भोलजीत बघावं. हे मलकापूर-नांदुऱ्याच्या मधलं, महामार्गावरचं गाव. रस्ता मुंबई-कोलकात्याचा, पूर्वीचा ६ नंबर, आताचा ५३. अशा रस्त्याला ट्रकची दुखणी कळणारे पुष्कळ; सायकलच्या फ्रेमवरच्या एवढ्याशा भोकाला मिळतो तो सल्ला. एक म्हणतो, बोल्टाला दोरा गुंडाळा. कपाशीच्या मुलखात दोऱ्याला काय तोटा! दुसरा म्हणतो, बोल्ट हातोडीनं जरा चेपा. तिसरा थेट वेल्डिंगवर येतो, म्हणजे कॅरिअर आणि फ्रेम जन्माचे सोबती.

मुरलेला मिस्त्री सल्ला देत नाही. भोकात बोट फिरवून तो म्हणतो, "आटे त पार खाल्ले हो भाऊ! बोल्ट नवा भेटते, फ्रेम कोठून आनू?" सगळी मेख इथंच आहे. पीळ आपण बोल्टाला देतो, झीज फ्रेमला सोसावी लागते.

या झिजेचं कारण बहुधा आपल्या घरच्या डबड्यात असतं. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली इंग्लंडात आट्यांचं एकच माप असावं म्हणून खटपट केली. आपल्या डबड्यात मात्र जुने इंची आणि नवे मिलिमीटरचे बोल्ट गुण्यागोविंदानं नांदतात. दिसायला सारखे, म्हणून हाताला येईल तो घालायचा आणि जाईना तर पान्यानं दामटायचा.

आटे नुसते चेपले असतील, तर त्याच मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवला की काम होतं. पार झिजले असतील, तर कडेला पुरेसं लोखंड आहे ना ते बघून ५ मिलिमीटरच्या भोकात ६चे आटे पाडायचे. मिस्त्री तेलाचा थेंब सोडतो, टॅप सरळ धरतो आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असं चालू करतो. मागे घेतला की आतला कीस तुटतो. घाई केली तर टॅपच भोकात मोडतो, आणि तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं. पुढे जाण्यासाठी मागे यावं लागतं, हे टॅपइतक्या सक्तीनं दुसरं कोणी शिकवत नाही.

तेव्हा मंडळी, बोल्ट आधी बोटांनी बसवा. दोन-तीन फेरे बोटांनी गेला नाही, तर तो त्या भोकाचा नव्हे. पाना सगळ्यात शेवटी. आणि घट्ट बसल्यावरही 'आणखी एक पीळ' द्यावासा वाटला, तर तो पाना शेजाऱ्याला देऊन टाका.