यादी आधी, गुलाल नंतर

कोल्हापूरची निवडणुकीची ईर्ष्या बाहेरच्याला सांगून कळत नाही. ग्रामपंचायतीचा एक वॉर्ड, त्यात चार-पाचशे मतं, आणि त्यापायी भावकी वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारात जात नाही. कोण कुणाच्या गटात, कुणाची सून कुणाच्या पाहुण्यातली, गेल्या वेळी कुणी कुणाला पाडलं, सगळं तोंडपाठ. आता विचारा, यादीत तुमचा अनुक्रमांक किती?

सगळे गप्प.

निवडणूक गुलालाच्या दिवशी ठरते, असं आपण धरून चालतो. गावातला मुरलेला कार्यकर्ता तसं धरत नाही. तो यादी घेऊन बसतो आणि पेनानं खुणा करत जातो. हा मयत. हे दोघे मुंबईला. हिचं लग्न झालं, पण नाव अजून माहेरीच. या घरात सहा मतं, त्यातली चार आपली. जोडण्या तिथून लागतात. आपण यादी बघतो ती मतदानादिवशी, केंद्राबाहेरच्या टेबलावर, नाव सापडत नाही म्हणून आवाज चढवताना.

त्या वेळी आवाज चढवून काय मिळणार?

यादीचं गणित एकदा नीट समजून घ्या. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण तो मतदारांची वेगळी नोंदणी करत नाही. विधानसभेची यादी घेतो आणि प्रभागवार फोडतो. कोल्हापूर महापालिकेचं मतदान 15 जानेवारी 2026 ला झालं, ते 1 जुलै 2025 च्या यादीवर. प्रारूप यादी लागली नोव्हेंबरात. तेव्हा हरकत घेऊन दुसऱ्या प्रभागात गेलेलं नाव परत आणता येत होतं, लिहिण्यातली चूक दुरुस्त होत होती, विधानसभेच्या यादीत असून प्रभागात गळालेलं नाव घालून घेता येत होतं. अगदी नवं नाव? ती मुदत जुलैतच संपली होती. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण केलेल्या पोराला जानेवारीत मत नव्हतं.

निदान त्याला पुढची संधी पाच वर्षांनी मिळेल, असं म्हणावं, तर तीही खात्री नाही.

महापालिकेची आधीची निवडणूक झाली 1 नोव्हेंबर 2015 ला. मुदत संपली नोव्हेंबर 2020 मध्ये. मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक पुरी व्हायला हवी, असं राज्यघटनेच्या 243-यू कलमात स्वच्छ लिहिलं आहे. तरी पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकानं शहर चालवलं. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टकचेरी. शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, निवडणुका घ्या. मे 1997 मध्ये जन्मलेल्या कोल्हापूरकरानं नगरसेवकासाठी पहिलं मत दिलं, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

दहा वर्षं नगरसेवकासाठी मत देता आलं नाही आणि एकही पेठ रस्त्यावर उतरली नाही.

आणि मत दिलं तेही कुणाला? 2015 ला एका प्रभागाला एक नगरसेवक होता. आता 20 प्रभाग, त्यातले 19 चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा. मिळून 81. गटार तुंबलं तर चौघांपैकी कुणाचा दरवाजा वाजवायचा? चौघेही उरलेल्या तिघांकडे बोट दाखवणार. गावातही नियम असेच फिरतात. थेट जनतेतून सरपंच 2017 ला आणला, 2020 ला काढला, 2022 ला परत आणला. सरकार बदललं की सरपंच निवडण्याची रीत बदलते. गावाला विचारलं कुणी?

आता दुबार नावांकडे या. या वेळी आयोगानं संशयित दुबार नावांपुढे दोन चांदण्यांची खूण केली. बरं केलं. पण ही नावं आली कुठून? ती आपल्याच घरातली आहेत. पुण्याला फ्लॅट, तिथं नाव. गावात घर, इथंही नाव. ‘आमचं घर आहे, जमीन आहे, मत का नको?’ असं बेधडक विचारतात. उत्तर 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. नुसतं घर मालकीचं असलं म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, एकाच मतदारसंघात दोनदाही नाही. खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

तरी मतदानाच्या आदल्या रात्री मुंबई-पुण्याच्या गाड्या भरून येतातच. पाणी त्यांना प्यायचं नसतं, रस्त्यानं रोज त्यांना जायचं नसतं. पाच वर्षं भोगायचं ते गावात राहणाऱ्यानं.

मग हरकत का घेतली जात नाही?

कारण हरकत कागदावर नावानिशी घ्यावी लागते. चुलत्याच्या पोराचं नाव कमी करा, असा अर्ज दिला की तो जन्माचा वैरी. यादीचं काम बघणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, असतो शाळेतला मास्तर, नाहीतर अंगणवाडीची ताई. त्यांनाही त्याच गावात राहायचं आहे. यादी बिघडते ती या भिडेपोटी. आणि ग्रामपंचायतीत दोन मतांनी पडणारी माणसं थोडी नाहीत. मतं समान पडली तर चिठ्ठी काढतात, हा तर नियमच आहे. वारलेल्या माणसाच्या नावावर पडलेलं एक मत तिथं अख्ख्या गावाचा कौल फिरवतं.

म्हणून निवडणूक लागायची वाट बघू नका. नाव नोंदवायला आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्याला अर्ज आधीच देता येतो. नवं नाव नमुना 6, नाव कमी करायला नमुना 7, पत्ता बदल वा दुरुस्तीला नमुना 8. लेक सासरी गेली असेल तर तिचं नाव तिकडे न्या. घरातलं कुणी वारलं असेल तर नमुना 7 तुम्हीच द्या, शेजाऱ्यानं द्यायची वेळ आणू नका. आणि मुंबईत नाव असलेल्या भावाला या वेळी स्पष्ट सांगा, एक ठिकाण ठरव.