सहकुटुंब स्ट्रॉबेरी-तोडणी : शास्त्र आणि आचार

ज्या कामासाठी शेतमालक इतरांना रोजची मजुरी देतो, तेच काम पुण्या-मुंबईच्या कुटुंबाने हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीच्या शेतावर जाऊन स्वतः पैसे मोजून करणे, या व्यवहारास 'कौटुंबिक तोडणी' म्हणता येईल. प्रस्थान पहाटे पाचला ठरवावे, म्हणजे ते आठपर्यंत घडते. वाईनंतरच्या पसरणी घाटात मागच्या सीटवरील किमान एका अपत्यास मळमळणार हे गृहीत धरून आवळासुपारी आणि रिकामी पिशवी आजींच्या स्वाधीन करावी. अन्य कोणाकडे दिल्यास ती ऐन वळणावर सापडत नाही.

शेतात शिरताच गादीवाफे, म्हणजे जमिनीपासून वीतभर उंच केलेले मातीचे लांबट पट्टे, दिसतात. त्यांवर मल्चिंग पेपर, अर्थात तण माजू नये व फळास माती लागू नये म्हणून अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद, ताणलेला असतो. हा कागद छायाचित्रासाठी उभे राहण्याचा चौथरा नव्हे, हे कुटुंबप्रमुखास आधीच सांगून ठेवावे.

फळ ओढायचे नसते. देठ नखांत धरून फळाच्या किंचित वर खुडायचा असतो, जेणेकरून हिरवी टोपी फळावरच राहते. आंबा आढीत पिकतो, स्ट्रॉबेरी मात्र तोडल्यावर गोड होत नाही. म्हणून खांद्याशी पांढरी असलेली फळे 'घरी गेल्यावर होतील' या श्रद्धेने वेचणाऱ्या काकूंना आवरणे आवश्यक ठरते, जरी तांदळाच्या डब्यात आयुष्यभर आंबे पिकवलेल्या व्यक्तीस हा सिद्धांत पटवणे जवळजवळ अशक्य असते. वनस्पतिशास्त्रानुसार तर लाल गर हे खरे फळच नसून फुलाचे फुगलेले पुष्पासन, म्हणजे पाकळ्यांना आधार देणारा देठाचा शेंडा, होय, आणि खरी फळे म्हणजे त्यावरचे पिवळसर कण. हे काका सविस्तर समजावतात. तोवर धाकटी कन्या अर्धा पनेट, म्हणजे पातळ प्लॅस्टिकचा डबा, रिकामा करून हात पाठीमागे धरून उभी असते. हनुवटीवरून ओघळलेल्या लाल रेषेचा तिला पत्ता नसतो.

तराजूवर डब्यातील फळे चढतात, पोटातील नव्हेत, म्हणून घासाघीस शोभत नाही. शिवाय या स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाल्याचे विक्रेत्यास पाठ असते. जवळच्याच भिलारला, २०१७ पासूनच्या 'पुस्तकांच्या गावा'ला, जाण्याचा ठराव एकमताने संमत होतो आणि स्ट्रॉबेरी-क्रीमच्या दुसऱ्या ग्लासात विरघळतो.

घरी आणलेली फळे खाण्यापूर्वीच धुवावीत, कारण ओलसर फळांना बुरशी लवकर धरते. आजी तरीही सगळी धुऊनच फ्रीजमध्ये ठेवतात. दोन दिवसांनी जे उरेल त्याचा जॅम करावा आणि तो नीट आळावा म्हणून त्यात लिंबू पिळावे.