मालक पुण्यात, रान पड

होटगी जंक्शनवरून एक मार्ग वाडीकडे जातो, दुसरा विजयपूरकडे. दक्षिण सोलापुरातली तरणी पोरं मात्र सोलापूर गाठून पुण्याची गाडी धरतात. त्यात वावगं काय आहे? १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, तेव्हापासून सोलापूर शहर वाढलं तेच गाव सोडून आलेल्या माणसांवर. तेव्हा ‘पोरांना मातीची लाज वाटते’ हे पारावरचं प्रवचन आता बंद करा. कोरडवाहू चार एकरांत दोन भावांचं भागत नाही, म्हणून एक जण जातो. हिशेब सरळ आहे.

प्रश्न वेगळाच आहे. माणूस गेला, पण रान का पड पडलं? गावात कसणारे हात अजून आहेत. शेजारचा दोन एकरवाला आहे, रोजंदारीवर जाणाऱ्या बाया आहेत. त्यांना ते रान करायला हवं आहे. मालक देत नाही, कारण त्याला कुळाची धास्ती आहे.

ही धास्ती खुळी नाही. १९४८चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला जमीन मिळवून दिली. ते न्यायाचंच झालं. पण त्याच कायद्यातलं कलम ३२-ओ नंतरच्या कुळालाही खरेदीचा हक्क देतं. पुण्यात दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या माणसाकडे गावाकडची जमीन हीच एकमेव ठेव. ती जाईल या भीतीने तो कागद करत नाही. फार तर तोंडी अर्धेलीने देतो, तेही एका सालापुरतं, आणि पुढच्या साली माणूस बदलतो.

याचा परिणाम पाहायचा तर बांधावर जा. पुढच्या वर्षी रान मिळेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो त्यात शेणखत कशाला टाकेल? पावसात फुटलेली ताल कशाला बांधेल? ताल फुटकी राहते, काळी माती ओढ्याला जाते, मागे हरळी आणि कुंदा माजतो, नंतर वेडी बाभळ. तिची मुळं एकदा खोल गेली की रान पुन्हा वहितीला आणायला जेसीबी लागतो. तो खर्च करणार कोण?

ज्या रानात पेरा होतो, तिथलं पीकही बदललं. मालदांडी ज्वारी काढायची म्हणजे वाकून ताट न् ताट उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, मळणी करायची. उपटताना तळहाताला फोड येतात. बायांची टोळी वेळेवर मिळाली नाही तर पीक उभं वाळतं. यंत्राने कापलं तर धान्य हाती येतं, पण कडबा नासतो, आणि कडबा गेला की दावणीची गाय कशावर जगवायची? म्हणून शेतकरी हरभऱ्याकडे वळतो. पाणी असलं की ऊस लावतो, कारण उसाला तोडणीची टोळी कारखाना आणतो. पाण्याची टंचाई असलेल्या जिल्ह्यात ऊस का फोफावला याचं अर्धं उत्तर पाण्यात नसून या टोळीत आहे. आमचा मजूर पुण्याला गेला आणि ऊस तोडायला बीडचा मजूर लेकरंबाळं घेऊन आला. दोघांचीही गावाकडची रानं ओस.

सगळ्यात मोठा अन्याय वाटेकऱ्यावर. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, राज्याच्या नमो योजनेचे आणखी सहा हजार, दोन्ही सातबारावरच्या नावाला. पीककर्जही त्यालाच. विम्याला नोंदणीकृत करार लागतो, आणि करार तर कुणी करत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला, पिकं आणि माती वाहून गेली. भरपाई खातेदाराला मिळाली. ज्याचं बी, खत आणि घाम त्या पाण्यात गेला, त्याचं नाव पंचनाम्यात कुठे होतं? ही मदत बंद करा असं मी म्हणत नाही. मालकालाही गरज आहे. पण कसणाऱ्याला शून्य, ही व्यवस्था टिकवून ‘पड जमीन वहितीखाली आणा’ म्हणण्यात काय अर्थ आहे?

त्यात होटगी रोडला विमानतळ सुरू झाला, सोलापूरच्या बाजूला प्लॉटचे दर चढले. आता काही रानं पेरणीसाठी नव्हे, दरासाठी राखली जातात.

उपाय अवघड नाही. मालकी मालकाचीच राहील आणि ठरल्या मुदतीत पीक, कर्ज, विमा, नुकसानभरपाई कसणाऱ्याची, असा साधा लेखी करार कायद्याने सुरक्षित करा. नीती आयोगाने २०१६ मध्येच भाडेपट्ट्याचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला आहे. पाच वर्षांची मुदत द्या, मग बघा ताली बांधल्या जातात की नाही. मालक निर्धास्त, वाटेकरी कागदावर. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद होते, तिथे कसणाऱ्याच्या नावालाही रकाना द्या.

सोलापूर जिल्ह्यातून अकरा आमदार विधानसभेत जातात. येत्या अधिवेशनात त्यांतल्या एकाने तरी महसूलमंत्र्यांना उभं राहून विचारावं: वाटेकऱ्याचा कागद कधी?